पुण्यात राहून दूध सोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध सोडलेल्या किंवा सोडू पाहणाऱ्या पुणेकरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुणाला पचत नाही, कुणाला गोठ्यातल्या जनावरांचे हाल बघवत नाहीत, कुणाला डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलंय. कारण कुठलंही असो, माझं सांगणं एकच असतं: दूध नुसतं बंद करू नका, त्यातून जे मिळत होतं ते आता कशातून मिळणार हे नाव घेऊन ठरवा. ज्यांना एखादा आजार आहे किंवा रोजची औषधं चालू आहेत, त्यांनी प्रश्न १७ ते २१ आधी वाचावेत.

१. दूध सोडायचं म्हणजे नेमकं काय काय? तूप आणि ताक चालतं का?

जनावरांसाठी किंवा तत्त्व म्हणून सोडत असाल तर दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, चीज, खवा, श्रीखंड, खरवस, दुधाची पावडर हे सगळं त्यात येतं. फक्त पचनाचा त्रास असेल तर उत्तर वेगळं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

पोषणाच्या दृष्टीने तुपाची गोष्ट निराळी. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्ध पदार्थ. त्यात कॅल्शियम नाही, प्रोटीन नाही. त्यामुळे तूप सोडल्याने शरीराला फारसं काही कमी पडत नाही. वरणभातावर शेंगदाणा तेलाची किंवा खोबरेल तेलाची धार घेणारी घरं कोकणात आणि देशावर दोन्हीकडे आहेत. भरून काढायला लागतं ते दूध, दही आणि पनीर.

२. मला दूध प्यायलं की पोट फुगतं. मग दुधाचं सगळंच बंद करायला हवं का?

बहुतेक वेळा नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज हे विकर मोठेपणी बऱ्याच जणांत कमी होतं. मग गॅस, पोटात गुरगुर, जुलाब. दह्यात विरजणातल्या जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं, तुपात ते नसल्यात जमा असतं. म्हणून अशा माणसांना ताक चालतं आणि कपभर दूध चालत नाही.

दुधाची ॲलर्जी ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. तिथे शरीर दुधातल्या प्रोटीनवर उसळतं: अंगावर गांध्या, ओठ सुजणं, उलट्या, क्वचित श्वास अडकणं. ॲलर्जीवाल्याला थेंबभर दूधही चालत नाही आणि लॅक्टोज काढून टाकलेलं दूधही नाही, कारण प्रोटीन त्यात तसंच असतं. आपलं यातलं कुठलं, हे अंदाजाने ठरवू नका, तपासून घ्या.

३. एकदम सोडू की हळूहळू?

ॲलर्जी नसेल तर हळूहळू. आधी रात्रीचं दूध, मग पनीर, मग दही, शेवटी चहा. चहा शेवटी ठेवायचं कारण साधं आहे, बहुतेकांची गाडी तिथेच अडते. प्रत्येक टप्प्यावर एक नवा पदार्थ ताटात पक्का झाला की पुढे जा.

४. दूध नाही तर कॅल्शियम आणायचं कुठून?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

भारतीय प्रौढ माणसासाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. २०० मिलिलिटरच्या पेल्यात दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे रोज एक पेला दूध पिणाऱ्यालाही उरलेलं तीन चतुर्थांश दुसरीकडूनच मिळवावं लागतं. हे लक्षात आलं की अर्धी धास्ती कमी होते.

आता आपल्याच स्वयंपाकघरात बघा. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, ज्वारी-गव्हापेक्षा कितीतरी जास्त. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली की दोनशेच्या पुढे गेलात. कुळथात १०० ग्रॅमला अडीचशेच्या वर; कुळथाचं पिठलं किंवा शेंगोळी आठवड्यातून दोनदा सहज होतात. मेथी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला यांत १०० ग्रॅमला साधारण २३० ते ३१५. मंडईत मुळा घेताना पाला तोडून टाकायला सांगतात, तो तोडू देऊ नका. फ्लॉवरची कोवळी पानंही टाकून देऊ नका.

तिळाचं मात्र नीट समजून घ्या. सालासकट तिळात १०० ग्रॅमला हजाराच्या वर कॅल्शियम असतं, पण ते बहुतेक सालात असतं. पॉलिश केलेले पांढरेशुभ्र तीळ दिसायला छान, कॅल्शियमला गरीब. भुसाराच्या दुकानात ‘सालाचे’ किंवा ‘बिनपॉलिशचे’ असं सांगून मागा. अख्खे तीळ बरेचदा न चावता पोटात जातात आणि तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून कुटून चटणी करा. तिळातलं कॅल्शियम दुधाइतकं चांगलं शोषलं जात नाही, त्यामुळे सगळा भार तिळावर टाकू नका.

एका दिवसाचा हिशेब असा बसतो: नाचणीची एक भाकरी २१०, मेथीची भाजी १०० ग्रॅम २७०, वाटीभर कुळथाचं पिठलं ८०, दीड मोठा चमचा तिळाची चटणी १९०, कॅल्शियम घातलेलं सोया पेय एक पेला २४०. बेरीज हजाराच्या घरात. सोया पेय नको असेल तर कॅल्शियम सल्फेटने बांधलेला टोफू (सोयाच्या दुधाचं पनीर) घ्या. पाकिटावर घटकांत ते नाव दिसतं. घरी लिंबू पिळून बांधलेल्या टोफूत कॅल्शियम त्या मानाने बरंच कमी असतं.

५. पालकात आणि राजगिऱ्याच्या भाजीत भरपूर कॅल्शियम असतं ना? मी रोज तेच खाते.

कागदावर असतं. पण पालक, चाकवत, माठ, राजगिरा या भाज्यांत ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. पालकातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम पाच टक्के अंगी लागतं. दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास. लोह, फोलेट (फोलिक ॲसिडच्याच जातीचं ब जीवनसत्त्व), चव यासाठी पालक जरूर खा, कॅल्शियमच्या हिशेबात मात्र धरू नका. त्या जागी मेथी, मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला, कोबी.

६. बी-१२ साठी गोळी खरंच लागते का? आपले पूर्वज कुठे गोळ्या घेत होते?

लागते. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून माणसाला मिळतं. वनस्पतींत ते भरवशाचं म्हणावं असं नसतं. शाकाहारी माणसाला ते जवळजवळ एकट्या दुधातूनच मिळत असतं आणि तेही थोडं. पुण्यातच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण दोन तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं. ही दूध-दही खाणाऱ्या घरांतली माणसं. तेव्हा दूध सोडण्याआधीच तुमची शिल्लक कमी असण्याची शक्यता मोठी आहे.

पूर्वजांचं म्हणाल, तर त्यांना कमतरता नव्हती हे आपण त्यांचं रक्त तपासून म्हणत नाही.

कमतरता दबक्या पावलांनी येते. थकवा, तळपायांना मुंग्या, तोंड येणं, विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं. यकृतातला साठा पुरला तर दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही, पुढे नसांना इजा व्हायला लागते आणि ती कधी कधी पूर्ण भरून येत नाही. आणखी एक फसवी गोष्ट: डाळी-पालेभाज्या खाणाऱ्याला फोलेट भरपूर मिळतं, त्यामुळे रक्तक्षय उशिरा दिसतो. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणजे बी-१२ चांगलं आहे, असं नाही.

७. मग गोळी कुठली आणि किती?

रोजची गरज फक्त दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, पण गोळीतलं थोडंच शोषलं जातं. एका वेळी शरीर आपल्या नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलतं, त्यापुढच्या मात्रेतलं शेकडा एक. म्हणून मात्रा मोठी दिसते: रोज ५० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, यातलं काहीही एक. सायनोकोबालामिन टिकाऊ आणि स्वस्त आहे. इथल्या औषधांच्या दुकानांत मिथाइलकोबालामिन जास्त दिसतं, तेही चालतं. कॅप्सूल असेल तर वरचं आवरण जिलेटिनचं (ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं) नाही ना ते बघा. साध्या गोळीत किंवा जिभेखाली ठेवायच्या गोळीत ती अडचण येत नाही.

ही मात्रा रक्तातलं प्रमाण ठीक असलेल्यांसाठी. रिपोर्ट आधीच कमी असेल तर इंजेक्शन की गोळी, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील.

८. इडली, आंबील, स्पिरुलिना यांतून बी-१२ मिळतं असं ऐकलंय.

आंबवल्याने पचन सुधारतं, लोह-जस्त जास्त अंगी लागतं. बी-१२ साठी त्यावर विसंबता येत नाही. स्पिरुलिनात असतं ते बरंचसं बी-१२ सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला निरुपयोगी द्रव्य. न धुतलेल्या भाज्यांचा सल्लाही फिरत असतो. त्यातून जंत नक्की मिळतील.

९. पनीर सोडलं, आता प्रोटीनचं काय?

आयसीएमआरच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण सात, मटकीची उसळ आठ, ज्वारीच्या दोन भाकऱ्या दहा-अकरा, मूठभर शेंगदाणे किंवा दाण्याची चटणी सात, भात चार-पाच. चाळिशीच्या आसपास पोचलात. उरलेल्यासाठी १०० ग्रॅम टोफू, किंवा ३० ग्रॅम सोया चंक्स, ज्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं.

गडबड होते ती पातळ वरणाने. पुण्यातल्या कित्येक घरांत वाटीभर वरणात डाळ चमचाभरच असते. ते वरण दाट करा आणि रोज एक उसळ ठेवा, एवढ्याने बहुतेकांचा प्रश्न सुटतो. डाळ आणि धान्य एकाच घासात लागतं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं.

सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात का, असं तरुण मुलं फार विचारतात. नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणात तसं होत नाही. टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसलेला नाही.

१०. पुण्यात एवढं ऊन आहे, ड जीवनसत्त्व वेगळं घ्यायला हवं का?

ऊन आहे, आपण उन्हात नाही. सकाळी सातचं कोवळं ऊन यासाठी फारसं उपयोगी पडत नाही. त्वचेत ड तयार करणारे किरण अकरा ते तीनच्या दरम्यान जास्त असतात, आणि ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. हिंजवडीला कॅबने जाऊन कॅबने परतणाऱ्याला ते कुठून मिळणार? पावसाळ्याचे महिने तर ढगांतच जातात. रक्ततपासणी करून घ्या.

ड-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं. ते नको असेल तर ड-२ किंवा लायकेनपासून काढलेलं ड-३ मिळतं. (गोडा मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, पण मसाल्यातून ड मिळेल अशी आशा ठेवू नका.) साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी शेजारणीच्या सल्ल्याने महिनोन्‌महिने घेऊ नका. ड जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं.

११. आमच्याकडे सगळं सैंधव मिठात होतं. काही अडचण?

आहे. दुधातून थोडं आयोडीन मिळत असतं, याचा विचार सहसा कुणी करत नाही. दूध सोडलं आणि घरात आयोडीनयुक्त मीठही नसलं, तर आयोडीनची दोन्ही दारं बंद. सैंधव उपासाला ठेवा, रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं साधं मीठ वापरा. गरोदर असाल तर हे अजिबात टाळू नका.

१२. चहाचं काय करू? सोयाचं दूध फाटतं.

गरम आणि आंबटसर चहात सोयाचं प्रोटीन गोळा होतं, म्हणून फाटल्यासारखं दिसतं. आलं, वेलची, चहापत्ती पाण्यात नीट उकळून घ्या, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि वेगळं कोमट केलेलं सोया पेय वरून घाला. ते चहाबरोबर उकळायचं नाही. ओटचं पेय फाटत नाही, पण उकळलं की पेजेसारखं दाट होतं. मला विचाराल तर अमृततुल्यच्या चवीच्या जवळ जातो तो काजूचा चहा: दहा-बारा काजू तासभर भिजवून अर्धी वाटी पाण्यात गंधासारखे वाटायचे आणि चहा उतरवायच्या आधी एकच उकळी द्यायची.

चहा कुठलाही असो, जेवणानंतर तासभर घेऊ नका. त्यातलं टॅनिन लोह अडवतं. उलट पोह्यांवर पिळलेलं लिंबू, जेवणातला आवळा किंवा कच्ची कोथिंबीर लोह शोषायला मदत करतात.

१३. बाजारात सोया, बदाम, ओट, नारळ इतके प्रकार आहेत. घ्यायचं कुठलं?

पाकीट उलटं करून दोन आकडे बघा. १०० मिलिलिटरला कॅल्शियम १२० मिलिग्रॅमच्या आसपास आहे का, आणि प्रोटीन तीन ग्रॅमच्या जवळ आहे का? प्रोटीनच्या बाबतीत सोयाच दुधाच्या बरोबरीला येतं. बदामाच्या पेयात प्रोटीन बहुधा एक ग्रॅमही नसतं, कारण पाकिटात पाणीच जास्त आणि बदाम थोडे. चवीसाठी घ्या, दुधाऐवजी म्हणून नको. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी डबा जोरात हलवा. साखर न घातलेलं निवडा.

अशा पाकिटांवर ‘दूध’ न लिहिता ‘पेय’ लिहिलेलं असतं, कारण भारतात सोया-बदामाच्या पेयाला दूध म्हणून विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परवानगी नाही. माल तोच असतो, गोंधळू नका. घरी केलेल्या पेयात वरून घातलेलं कॅल्शियम नसतं, तेव्हा ते प्रश्न ४ मधल्या हिशेबात धरू नका.

१४. दह्याशिवाय जेवण होत नाही. घरी काही करता येतं का?

शेंगदाण्याचं दही करा. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवा, चोळून सालं काढा, तीन वाट्या पाणी घालून बारीक वाटा आणि फडक्यातून गाळा. हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळायचं, आणि हात थांबवायचा नाही, कारण ते तळाला फार पटकन धरतं आणि करपल्याचा वास मग दह्यातून जात नाही. बोट सोसवेल इतकं कोमट झालं की विरजण. आधीचं वनस्पतीजन्य दही असेल तर चमचाभर. नसेल तर सहा-सात हिरव्या मिरच्या देठांसकट बुडवून ठेवा, देठांवरच्या जिवाणूंनी दही लागतं. उन्हाळ्यात सात-आठ तास पुरतात, डिसेंबरच्या थंडीत पातेलं टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा.

पहिल्या खेपेचं दही सैल आणि थोडं दाण्याच्या वासाचं होतं. टाकू नका, त्यातलंच चमचाभर पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरा. तिसऱ्या खेपेपर्यंत कढी आणि कोशिंबिरीला चालेल असं घट्ट लागतं. गुलाबी-काळी झाक किंवा कुबट वास आला तर मात्र सगळं फेकून द्या. उरलेला चोथा थालीपिठाच्या भाजणीत जातो.

या दह्यात प्रोटीन चांगलं, कॅल्शियम बेताचं. जेवणानंतर ताकच हवं असेल त्यांना सोलकढी सुचवते. ती आपल्याकडे आधीपासून नारळाच्याच दुधाची.

१५. बाहेर काय खाता येतं?

पुण्यात बरंच. मिसळ (दही न घेता), कांदेपोहे, वडापाव, झुणका-भाकर, भरली वांगी, मटकीची उसळ, डोसा, इडली. विचारून घ्यायचं ते असं: डोशाला लोणी लावतात का, साबुदाण्याची खिचडी तुपात करतात का, वांग्याच्या भरतात दही आहे का, पावभाजीचा पाव कशात भाजतात. ‘दूध चालत नाही’ एवढं सांगितलं की ताक-तूप चालतं असं समोरच्याला वाटतं. ‘दूध, दही, तूप, लोणी, काहीच नको’ असं मोजून सांगा. बेकरीतली श्रूजबरी बिस्किटं लोण्याची, मस्तानी दुधाची, त्यांना पर्याय बहुतेक ठिकाणी नाही.

१६. पाकिटावर हिरवा ठिपका आहे, म्हणजे दूध नाही ना?

असं नाही. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या नियमांत दूध शाकाहारीच धरतात. २०२२ च्या नियमांनुसार पूर्ण वनस्पतीजन्य पदार्थांसाठी वेगळं हिरवं चिन्ह आहे, त्यात इंग्रजी ‘व्ही’ आणि वर छोटं पान असतं. ते नसेल तर घटकांची यादी वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर. यादीखाली ॲलर्जीची सूचना असते, तिथे दुधाचा उल्लेख सापडतो. फरसाण, ब्रेड आणि सूपच्या पाकिटांत दुधाची पावडर अनपेक्षितपणे निघते.

१७. मी गरोदर आहे. दूध बंद ठेवलं तर चालेल का?

चालतं, पण पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगून. बी-१२ तपासा आणि गोळी एकही आठवडा चुकवू नका. याज्ञिक यांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. ज्या मातांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध (पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती) सगळ्यात जास्त दिसला. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फोलिक ॲसिड सोडा असा नाही. ते घ्याच, आणि सोबत बी-१२ही असू द्या.

सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्या सोडू नका. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकदम घेऊ नका, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असतानाही हेच सगळं लागू, आणि डिंकाच्या लाडवांत तुपाऐवजी खोबरेल, सोबत हाळीव जरूर.

१८. लहान मुलांना दुधाशिवाय वाढवता येतं का?

वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध, आणि ते शक्य नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं फॉर्म्युला. सोया, बदाम, ओट यांचं कुठलंही पेय त्या जागी देऊ नका. बाळाची वाढ खुंटते. आईचं दूध या ‘सोडण्यात’ मोडत नाही, ते दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही द्या.

आईचं बी-१२ कमी असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते मिळत नाही. बाळ सुस्त पडलं, हसेनासं झालं, धरलेली मान सोडली, हातपाय थरथरायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लवकर कळलं तर उपचार सोपे आहेत.

वर्षानंतर नाचणी सत्त्व, मऊ डाळ-भात, दाण्याचं कूट, टोफू, कॅल्शियम घातलेलं सोया पेय, आणि बी-१२चे थेंब बालरोगतज्ज्ञ सांगतील तितके. मुलांचं पोट लहान असतं; नुसत्या फळांनी आणि पालेभाज्यांनी ते भरतं, पण उष्मांक पुरत नाहीत. तेल, दाणे, तीळ मोकळ्या हाताने घाला (तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात). आणि वजन-उंचीचा तक्ता नियमित भरा. तक्त्यातली रेघ खाली वळली तर घरातल्या कुणाच्याही मतापेक्षा ती महत्त्वाची.

१९. आई सत्तरीची आहे. तिने दूध सोडलं तर हाडं ठिसूळ होतील?

काळजी रास्त आहे. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात २०२० मध्ये असं दिसलं की प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांत हाड मोडण्याचं, विशेषतः खुब्याचं, प्रमाण मांसाहार करणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रोटीन ही त्यामागची संभाव्य कारणं. ती टाळता येतात. पाळी गेल्यानंतर कॅल्शियमची गरज १२०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. नाचणी-मेथीवर ती भागत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. वरण दाट, टोफू मऊ करून, ड-ची तपासणी, आणि पेलवेल तितकं चालणं किंवा जिना चढणं. वजन घटत असेल, आधीच हाड मोडलेलं असेल किंवा खाणंच कमी झालं असेल, तर मी तिला दही सोडायला सांगणार नाही.

२०. थायरॉइडची गोळी घेते. सोया खाऊ की नको?

खा, पण गोळीनंतर चार तासांनी. सोया, कॅल्शियम आणि लोह तिन्ही ही गोळी शोषू देत नाहीत. सोया रोजच्या खाण्यात नव्याने आणलं असेल तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा करा.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोजची ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर त्यांनीही बी-१२ कमी होतं. तुम्हाला प्रश्न ७ मधली मात्रा पुरेलच असं नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत. मुतखडा होऊन गेला असेल तर पालक, बदाम, तीळ जपून, पण कॅल्शियम तोडू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवतं. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे पान बाजूला ठेवून आहारतज्ज्ञाला भेटा, तिथले आकडे वेगळे असतात.

२१. रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आहे, मग मला काळजी नको ना?

रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर सांभाळतं; खाण्यातून कमी आलं तर हाडातून काढून भरतं. म्हणून तो आकडा नॉर्मल येतोच. हाडांची स्थिती कळते ती घनतेच्या, म्हणजे डेक्साच्या, तपासणीतून. दूध सोडण्याआधी आणि सहा महिन्यांनी करायच्या तपासण्या म्हणजे हिमोग्राम, बी-१२, ड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा).

२२. पूजेच्या पंचामृताचं आणि नैवेद्याचं काय? सासूबाईंना वाईट वाटतं.

हा पोषणाचा प्रश्न नाही, तरी दर गणपतीत येतो. चमचाभर पंचामृताने कुणाच्या तब्येतीत फरक पडत नाही, ॲलर्जी सोडून. ते घ्यायचं की नाही हे तुमच्या मनाचं आहे, मी तिथे नियम सांगणार नाही. एवढं करता येतं: उकडीच्या मोदकावर तुपाऐवजी नारळाचं घट्ट दूध, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी आणि नारळाचं दूध, खीर गव्हल्यांची पण नारळाच्या दुधातली. आधी सासूबाईंना करून वाढा, सांगायचं ते नंतर. अनेक घरांत नारळाच्या दुधाची पद्धत जुनीच आहे आणि ती त्यांनाच जास्त चांगली येते.

२३. गोळी घेतोय आणि आता बी-१२ दोन हजारच्या वर आलंय. बंद करू?

गोळी चालू असताना असा आकडा येणं सामान्य आहे. जास्तीचं लघवीवाटे जातं. बंद न करता मात्रा कमी करता येते, उदाहरणार्थ रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा. गोळी न घेताच आकडा इतका वर असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, त्यामागे यकृताचा किंवा रक्ताचा आजार असू शकतो. आणि आकडा छान असूनही तळपायांच्या मुंग्या जात नसतील तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) तपासायचं का, ते विचारा. रक्त द्यायला जाताना गोळीचं नाव, मात्रा आणि शेवटची कधी घेतली हे कागदावर लिहून न्या.